तिरकी रीप

पिराजीच्या ड्रम सेटचे चौदा नग होते. माळ्यावरून एकेक खाली घेताना दीप्तीने ते मोजले आणि म्हणाली, "काका, यातले सात नकोत."

पिराजी शिडीवरच थांबला. "नकोत म्हंजे?"

"म्हंजे परत वर ठेवा की."

दीप्ती त्याच्याच गल्लीतली. सव्वीस वर्षांची, दिवसा एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवून ओरडायची. त्याला पंक म्हणतात, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. दोन-तीन सूर, दीड मिनिटाचं गाणं, आणि जे बोचतंय ते तोंडावर सांगून मोकळं व्हायचं. नळाला पाणी येत नाही यावर तिचं एक गाणं होतं, घरमालकावर एक. जोडीला बेस गिटारवर कागलचा विश्वजित. त्यांचा ड्रमर नोकरीसाठी पुण्याला निघून गेला होता आणि बारा दिवसांनी, रविवारी दुपारी, राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. तेव्हा दीप्तीला पिराजीकाका आठवला.

पिराजी उद्यमनगरात लेथवर टर्नर. वय सत्तावन्न. तरुणपणी वीस वर्षं तो सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. राधानगरीपासून नेसरीपर्यंत एक जत्रा त्याने सोडली नव्हती. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला. तरी रविवारी सकाळी तो घरात तासभर वाजवायचा आणि त्याची बायको पूर्णिमा शेजाऱ्यांची बोलणी खायची. मागच्या वर्षी श्रावणात पूर्णिमा गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने सगळा सेट माळ्यावर टाकला, तो आजपर्यंत खाली आला नव्हता.

दीप्ती विचारायला आली तेव्हा तो नाहीच म्हणणार होता. पण तिने विचारलं ते असं: "काका, जोरात आणि न थांबता वाजवायचंय. जमंल का?" गेल्या चौदा महिन्यांत त्याला कुणी काही जोरात करायला सांगितलं नव्हतं. सगळे हळू बोलायचे. तो म्हणाला, "बघूया."

आता दोघं दारातल्या कट्ट्यावर निवड करत बसले. पायाने वाजवायचा बेस ड्रम हवाच. गुडघ्यांमधला कडक आवाजाचा ड्रम, स्नेअर, असे दोन होते, एक लाकडी आणि एक पत्र्याचा.

"लाकडाचा आवाज गोड हाय," पिराजी म्हणाला.

"गोडच नको हाय मला. ह्यो पत्र्याचा घ्या. वरची कातडी आणि ताणा. कानाखाली मारल्यागत वाजाय पायजे."

पायाने मिटणारी झांजांची जोडी, हाय-हॅट, ठेवली. मोठ्या तीन झांजांपैकी दोन ठेवल्या. जमिनीवर उभा राहणारा मोठा फ्लोअर टॉम ठेवला. अडकलं ते चार छोट्या टॉमवर.

"ह्ये चारी पायजेत," पिराजी म्हणाला. "पहिल्यापासनं शेवटपर्यंत रोल घेतला की पब्लिक उठून शिट्ट्या मारतं."

"काका, तुमचा रोल संपस्तोवर आमचं गाणं संपतंय."

"मग गाणं वाढवा की जरा."

"पाणी न्हाय म्हणायला किती वेळ लागतोय?"

पिराजी हसला. एक टॉम खाली राहिला, तीन वर गेले. काडीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड गेला, घंटेसारखी काऊबेल गेली.

"आणि ही सतरंजी?" दीप्तीने विचारलं.

"ती लागतीया," पिराजी म्हणाला. "तिच्याबिगर बसता येत न्हाय."

सतरंजी निळी, जाड, सहा फूट बाय सहा. तिच्यावर ठिकठिकाणी लाल दोऱ्याच्या फुल्या होत्या. जत्रेत स्टेज मिळायचं पाच मिनिटं आधी आणि उजेड कधी असायचा, कधी नसायचा. स्टँडचा कुठला पाय कुठे ठेवायचा हे शोधत बसायला वेळ नसायचा, म्हणून पूर्णिमाने प्रत्येक पायाच्या जागी फुली शिवली होती. स्टुलाच्या तीन फुल्या वेगळ्या, जरा मोठ्या. पुढच्या बाजूला तिने कापडाचा लांबट खिसा शिवून त्यात लाकडी रीप घातली होती. पायाने ठोके मारताना बेस ड्रम पुढे सरकत जातो, तो त्या रिपेला अडून राहायचा. खिसा दाभणाने, दुहेरी दोऱ्याने शिवलेला. पंचवीस वर्षांत एक टाका निघाला नव्हता.

सराव कागलला, विश्वजितच्या वडिलांच्या पेंडीच्या गोडाऊनमध्ये. चारी बाजूंनी सरकीची पोती, त्यामुळे आवाज बाहेर जात नव्हता. पिराजीने सतरंजी अंथरली आणि फुल्या बघून सात नग मांडले. जे नग आणले नव्हते त्यांच्या फुल्या मोकळ्या राहिल्या. टॉम एकीकडे, फ्लोअर टॉम पार उजवीकडे, मधे नुसती हवा.

विश्वजितने मांडणीकडे बघितलं. "काका, मधल्या जागंत एक म्हस बसंल."

"बसू दे. तुझं तू वाजीव."

पहिलं गाणं सुरू झालं आणि पिराजीला घाम फुटला. वेग त्याला झेपत होता, हात अजून तयार होते. पण स्नेअरवरून फ्लोअर टॉमवर जायला हात लांब न्यावा लागायचा, तिथून परत यायला तेवढाच वेळ. प्रत्येक वेळी तो केसभर मागे पडायचा. ऑर्केस्ट्रात हे खपून जायचं, कारण मधले टॉम वाजवत वाजवत तिकडे पोचता यायचं. इथे उडीच मारायची होती.

"जवळ घ्या की सगळं," दीप्ती म्हणाली.

"जागा ठरल्याली हाय."

"कुणी ठरवली?"

पिराजीने काडीने लाल फुली दाखवली. त्या फुल्या पूर्णिमाकाकूने शिवल्या हे दीप्तीने लहानपणी ऐकलं होतं. तिला आठवलं असावं, कारण तिने तो विषय तिथेच सोडला.

तिसऱ्या सरावाला मात्र तिने मोबाईलवर गाणं टिपून घेतलं आणि वाजवून दाखवलं. पिराजी मान खाली घालून ऐकत होता. दर चौथ्या ओळीला गाणं लंगडत होतं. लेथवर लावलेला लोखंडाचा जॉब वाकडा फिरत असला की जसं कानाला कळतं, तसं त्याला कळलं.

"काका, सरळच सांगायचं तर," दीप्ती म्हणाली. "रविवारी असं झालं तर लोक हसतील. दोन दिवसांत जमलं न्हाय, तर विश्वजित लॅपटॉपवर ठोके लावंल. तुम्ही राग धरू नका."

डीजेच्या यंत्राने एकदा त्याचं काम घेतलं होतं, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. पिराजीने काड्या मांडीवर ठेवल्या. घरी जाऊन पुन्हा सेट माळ्यावर टाकायचा, रविवारी कट्ट्यावर बसायचं, लोकांचं हळू बोलणं ऐकायचं, हे सगळं त्याला समोर दिसलं.

"सरकवा," तो म्हणाला.

तिघांनी मिळून सगळं आत ओढलं. फ्लोअर टॉम गुडघ्याला लागेल इतका जवळ. टॉम मधोमध. झांजा हाताशी. मग कळलं की बेस ड्रमही सरळ करायला हवा. ऑर्केस्ट्रात डाव्या हाताला ऑक्टोपॅड असायचा, म्हणून बेस ड्रम तिरका बसवलेला असे आणि रीपही तशीच तिरकी शिवलेली होती. आता तो सरळ ठेवला तर त्याचा एकच कोपरा रिपेला टेकायचा. वाजवायला सुरुवात केली की दहा-बारा ठोक्यांत ड्रम गिरकी घेऊन भलतीकडे तोंड करायचा.

विश्वजितने सतरंजीच फिरवून बघितली. मग स्टुलाचे दोन पाय बाहेर फरशीवर गेले आणि पिराजी घसरला. वीट लावली, ती थरथरायला लागली. शेवटी विश्वजितने पेंडीचं पोतं आणून ड्रमपुढे टाकलं. ड्रम जागचा हलला नाही, पण आवाज असा झाला की जणू कुणी गादी बडवतंय.

"स्टेजवर पेंडीचं पोतं?" दीप्ती म्हणाली. "पुढच्या रांगंत म्हशीच बोलवूया."

विश्वजित हसला, पिराजी हसला नाही. तो गुडघ्यावर बसून रिपेवर बोट फिरवत होता.

"ही उसवून सरळ घ्यावी लागंल," तो म्हणाला.

"मी उसवून देऊ?" दीप्तीने हळूच विचारलं.

"नको. आणि हळू बोलू नको. माझं मी बघतो."

रात्रीच त्याने सगळा सेट कागलहून घरी आणला आणि शनिवारी सकाळी सतरंजी घरात पसरली. पूर्णिमाचा शिवणाचा डबा कपाटाच्या खालच्या खणात होता. कात्री, दाभण, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ. चष्मा लावून तो पहिल्या टाक्यापाशी बसला. बाहेर रस्त्यावर भाजीवाली ओरडून गेली. मग त्याने कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं आणि दोरा कापला.

पुढचे टाके पटापट सुटले. खिसा मोकळा झाला, रीप निघाली. तिच्याखाली, पंचवीस वर्षं ऊन न लागलेल्या गडद निळ्या पट्ट्यावर, पिराजीला बारीक भोकांची एक ओळ दिसली. त्याने सतरंजी खिडकीपाशी नेली. भोकं दाभणाचीच होती, पण ती तिरकी जात नव्हती. सरळ जात होती. तिच्याजवळच आणखी एक ओळ होती, किंचित तिरकी.

मग त्याला आठवलं. लग्नानंतर त्याच्याकडे पाचच नग होते आणि बेस ड्रम सरळ होता. पुढे एक टॉम वाढला तेव्हा पूर्णिमाने रीप उसवून जरा वळवली होती. ऑक्टोपॅड आला तेव्हा पुन्हा. तोंडात दोरा धरून ती म्हणाली होती, "तुमचं काय ते एकदा ठरवा की. माझी बोटं काय सरकारी हाईत?" आणि तो म्हणाला होता, ही शेवटची. हे सगळं तो साफ विसरला होता. जागा ठरलेली आहे असं तो विश्वजितला, दीप्तीला आणि स्वतःलाही सांगत आला होता.

त्याने सेट मांडला, स्टुलावर बसला, पाय पेडलवर ठेवला आणि ड्रम कुठे येतो त्या जागी खडूने रेघ मारली. रेघ पूर्णिमाच्या पहिल्या ओळीपासून बोटभर पुढे आली. जुन्या भोकांतून दाभण सहज गेलं असतं. त्याने पट्टी घेऊन पुन्हा मोजलं. बोटभर पुढेच. तो खडूच्या रेघेवर शिवायला बसला.

दुपारचे दोन वाजले. टाके लहान-मोठे झाले, अंगठ्यातून दोनदा रक्त आलं. रीप बसली. मग त्याने सात नगांच्या नव्या फुल्या पांढऱ्या दोऱ्याने शिवल्या. लाल फुल्या काढल्या नाहीत, त्या कुणाला आड येत नव्हत्या. स्टुलाला नवीन फुल्या लागल्या नाहीत. स्टूल होतं तिथेच होतं.

रविवारी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती, बहुतेक कॉलेजची. पुढच्या रांगेतला एक पोरगा पिराजीकडे बघून म्हणाला, "पावणं, चुकून आलायसा काय?"

"तू कान धरून बस," पिराजी म्हणाला.

दीप्तीने चारपर्यंत मोजलं आणि तो सुटला. चौथी ओळ आली, हात स्नेअरवरून फ्लोअर टॉमवर गेला आणि वेळेत परत आला. दीप्तीने गाता गाता मागे वळून बघितलं आणि पुन्हा पुढे वळली. पाणी न्हाय, पाणी न्हाय म्हणून अख्खा हॉल ओरडायला लागला. पायाखाली बेस ड्रम धडाधड वाजत होता आणि जागचा हलत नव्हता. एक मिनिट चाळीस सेकंदांत गाणं संपलं. शिट्ट्या आल्या.

दुसऱ्या गाण्याआधी पिराजीने खिशातून खडू काढला. तो वाकला, हाय-हॅटचा पाय पाव इंच आत ओढला आणि तिथे फुली मारली.

"काका, काय करालाय?" दीप्तीने माईकवरूनच विचारलं.

"दोन सूत बाहेर राहिल्याली," तो म्हणाला. "घरी जाऊन शिवतो. हं, मोज."