मोकळा तास

मोठ्या बाईंच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक टिकेल तर शपथ. चार वर्षांत पाच जण आले नि गेले. सहाव्या बाई हुशार, वर कशालाही नाही न म्हणणाऱ्या. मोठ्या बाईंना वाटलं, गंगेत घोडं न्हालं एकदाचं. तीन महिन्यांत त्यांचाही राजीनामा टेबलावर. कारण: व्यक्तिगत. मुदत: एक महिना. ही जागा पुन्हा रिकामी पडली तर दहावीचा वर्गच बंद करू, असं वरून बजावलेलं होतं.

घरी मोठ्या बाईंनी सगळा राग भाजी चिरताना काढला. हल्लीच्या पोरींना कष्ट नकोत, वगैरे. यजमान जन्मभर कारखान्यात फोरमन होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकाच यंत्रावर सहा माणसं आजारी पडली, तर आम्ही आधी यंत्र तपासायचो," ते म्हणाले.

बाईंना ते झोंबलं. सकाळी त्यांनी बदली तासांची वही उघडली. कोणी गैरहजर असलं की त्याचा वर्ग कोणी सांभाळायचा, ते या वहीत लिहायचं. कुरकुरणाऱ्यांची नावं क्वचित, विज्ञानाच्या बाईंचं मात्र रोज. तीन महिन्यांत त्यांना एकही मोकळा तास मिळाला नव्हता. मग वह्या तपासायच्या कधी, प्रयोग मांडायचे कधी? आधीच्या पाचांचीही तीच गत. प्रत्येक पानाखाली सही मोठ्या बाईंची. गोड बोलून आपणच सगळ्यांना पळवून लावलं की! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्या दिवसापासून विज्ञानाच्या बाईंच्या जागी त्या स्वतःचं नाव लिहू लागल्या. अकरा वर्षांनी हातात खडू धरला. सातवीच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांना पाणी पाजलं. घसा बसला, कार्यालयाचे कागद घरी न्यावे लागले, पण बाई हटल्या नाहीत. तिकडे प्रयोगशाळेतली धूळ झटकली गेली.

मुदत संपायला तीन दिवस उरले असताना विज्ञानाच्या बाई तरातरा कार्यालयात आल्या.

"बाई, राग मानू नका, पण तुमच्या सातवीचा गोंगाट थेट प्रयोगशाळेत येतो. पुढच्या वर्षी तेवढा वर्ग पलीकडे हलवा."

"पुढच्या वर्षी?"

"मग काय, दहावीला अर्ध्यावर सोडून जाऊ? ते पत्र फाडून टाका."

मोठ्या बाईंचा आनंद गगनात मावेना. पुढच्या वर्षाची वाट बघतो कोण! त्यांनी त्याच तासाला सातवीची बाकं पलीकडच्या खोलीत हलवली, पहिल्या बाकाचं एक टोक स्वतः धरून. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली होती, आणि बाई एकालाही गप्प बस म्हणाल्या नाहीत.