पपनस का गळतं

“बंद करू नकोस गं, असू दे चालू,” अप्पा दारातूनच म्हणाले.

सासऱ्यांचं ऐकून रक्षिताने रेडिओकडे नेलेला हात मागे घेतला. मांडीवर तिची तान्ही हर्षिता पेंगत होती. या पोरीची तऱ्हाच न्यारी. गाणं लागलं की टक्क जागी, आणि कुणी गंभीरपणे बोलू लागलं की डोळे जड. “मोठी होऊन सभांची अध्यक्ष होणार ही,” तिचा बाप अभिराज ऑफिसला जाताना म्हणायचा.

त्यामुळे सर्जापूर रोडवरच्या त्या उंच इमारतीतल्या घरात रेडिओ दिवसभर बोलत असे. सकाळी सुविचार, मग बातम्या, मग गुडघेदुखीवर डॉक्टरीणबाई, दुपारी नाटक. बाळाला कुशीत घेऊन रक्षिताचाही डोळा लागे आणि सगळं एकमेकांत विरघळून जाई. डॉक्टरीणबाई धरणाचं पाणी मोजत, नाटकातला राजा गुडघा शेकत बसे.

आणि त्या सगळ्याखालून अप्पांची पुटपुट वाहत असे. रेडिओ कानडीत बोले, अप्पा मागोमाग तेच मराठीत सांगत. सासूबाई कोल्हापूरकडच्या. कानडी त्यांना आली ती भाजीबाजारापुरती. रेडिओची कानडी त्यांना फार भरभर वाटायची. म्हणून जन्मभर अप्पा सांगत आणि त्या निवडणं-टिपणं करता करता म्हणत, “मग?” सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. अप्पांची सवय राहिली.

“आज रेडिओच्या शेतीवाल्यांना फोन लावायचाय,” जेवताना अप्पा म्हणाले.

“अप्पा, आपली शेती कुठाय? बाल्कनीत एक कढीपत्ता, तोही रुसलेला.”

“कढीपत्त्याचं नाही गं. एक विचारायचं राहिलंय.” त्यांनी ताकाचा पेला उगाच फिरवला. “गेल्या खेपेला लागलाच नाही फोन. आज लागला पाहिजे.”

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हर्षिता पुन्हा झोपेच्या उंबऱ्यावर होती. अप्पा मोबाईल घेऊन बाल्कनीत गेले आणि त्यांनी काचेचं दार ओढून घेतलं. फोन करणाऱ्यानं रेडिओजवळ बसायचं नसतं, आवाज घुमतो, हे त्यांना ठाऊक होतं.

“हॅलो, कोण बोलतंय?” रेडिओतला माणूस म्हणाला.

काचेपलीकडे अप्पांचे ओठ हलले. आवाज मागून, खोलीतल्या रेडिओतून आला. “खंडोजी. देवनहळ्ळीहून.”

रक्षिता दचकली. अप्पांचं देवनहळ्ळीचं घर कधीच विकून झालं होतं. तिथं आता लेआउट होतं, आखीव रस्ते आणि दिव्यांचे खांब.

“बोला अण्णा.”

“परसात पपनस आहे. फळं धरतात, लिंबाएवढी होतात आणि गळतात. काय करावं?”

रक्षिताला सासूबाई दिसल्या. गळालेली हिरवी फळं पदरात वेचत म्हणणाऱ्या, “अहो, रेडिओवाल्यांना विचारा ना.” आणि अप्पा, “विचारू गं, झाड कुठं पळून जातंय?”

“जुनं झाड दिसतंय,” कार्यक्रमातले शेतीतज्ज्ञ म्हणाले. “पत्ता द्या अण्णा, आमचा माणूस येऊन बघेल.”

काचेपलीकडचे ओठ थांबले. रेडिओही थांबला. खोलीत एवढी शांतता पसरली, की हर्षिता डोळे उघडून छताकडे बघू लागली. रक्षिता तिला थोपटत राहिली. बोला, काहीतरी बोला, अप्पा.

“झाड नाही आता,” रेडिओतून आवाज आला, बारीक. “तोडलं. घरातली म्हणत होती, विचारा. तेव्हा विचारलं नाही. उत्तर मिळालं तर बरं होईल, सर.”

तज्ज्ञ आता फोन तोडतील, रक्षिताला वाटलं. पण ते बोलू लागले, झाड समोर उभं असल्यासारखे, सावकाश. काचेपलीकडे अप्पा एकेका वाक्याला मान हलवत होते आणि रेडिओ त्यांच्या आवाजात, कानडीत ‘बरं, बरं’ म्हणत होता, “सरी… सरी…”

दार सरकलं. अप्पा आत आले. “ऐकलंस का गं?”

“नाही अप्पा. डोळा लागला होता.”

“बरं झालं.” ते आपल्या जागी बसले. रेडिओवर कुणीतरी बाजारभाव सांगत होतं. अप्पांनी त्याचं मराठी केलं नाही. त्याऐवजी खिडकीकडे तोंड करून ते पुटपुटू लागले.

“म्हणाले, पाणी एकदम ओतायचं नाही. थोडं थोडं द्यायचं, पण चुकवायचं नाही…”

ते थांबले. नेहमीच्याच ठिकाणी.

हर्षिताचे डोळे पुन्हा मिटत आले होते. रक्षिताने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि हलकेच म्हणाली,

“मग?”

अप्पांनी वळून पाहिलं नाही.

“मग बुडाशी वाळला पाला पसरायचा. ओल धरून राहते.”