कचेरीपुरतं वैधव्य

बिजलीबाईनं आपल्या म्हाताऱ्या आईला नटवून नेलं, तिथंच पहिला घोळ झाला. पण तिचं तरी काय चुकलं? बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढलेली बाई ती. पंचांपुढं जायचं तर अंगावर असेल-नसेल ते घालून जायचं, भुंड्या हातांनी गेलं तर तो पंचांचा अपमान, हे तिला लहानपणापासून माहीत. आणि कापूसपेठेतल्या धर्मादाय फंडाचे पाच मेंबर म्हणजे पंचच की! मग तिनं रुपीबाईला आरशांची चोळी, कांचळी, घातली, ठेवणीतला फेटिया, घेरदार घागरा, नेसवला, दंडापर्यंतचा चुडा घासूनपुसून चकचकीत केला. केसांत घुगऱ्या होत्याच. कानांजवळच्या बटांत गुंफलेल्या, मान हलली की वाजणाऱ्या. नवरा जिवंत असलेल्या बाईनं त्या घालायच्या, आणि रुपीबाईच्या त्या कधी उतरल्याच नव्हत्या. दिसायला चांदीच्या, होत्या कथलाच्या. चांदीच्या केव्हाच मोडून खाल्ल्या होत्या, पण कथलाच्या गुंफल्यावरच त्या काढल्या होत्या.

रुपीबाईचा नवरा धनसिंग झरीकडच्या जंगलात बांबूतोडीला म्हणून गेला, तो गेलाच. कोणी म्हणे वाघानं खाल्ला, कोणी म्हणे आदिलाबादेकडं दुसरं घर मांडून बसला. लोकांच्या जिभेला काय, हाड नसतं. रुपीबाईनं दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि दोन्ही मानल्या नाहीत. तांड्यावरची झोपडी दिराच्या पोरांनी बळकावली, तशी ती दारव्ह्याला आली, कापसाच्या जिनात सरकी निवडायला लागली आणि तुळसाबाई तेलिणीची मागची खोली भाड्यानं घेतली. हात चालत होते तोवर कोणापुढं मान वाकवली नाही. मग डोळे अधू झाले, छातीत कापसाची धूळ भरली, मुकादमानं घरी बसवलं. नागपूरचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, मोठमोठ्या गोष्टी झाल्या म्हणे. तुळसाबाईचं भाडं मात्र दर महिन्याला येतच राहिलं.

तुळसाबाईनं बरेच महिने कळ काढली. शेवटी बोलली, "रुपीबाई, मी तुले हाकलून नाई राह्यली. पण मी बी या खोलीवरच जगतो. पोळ्यापावतर भाडं नाई आलं, तं दुसरा माणूस येऊन राह्यला."

मुलगा नव्हता. एकच लेक, बिजली, दिली होती बोरी अरबजवळच्या तांड्यावर. तिचा नवरा हरिसिंग गरीब स्वभावाचा, पण आईपुढं तोंडात मूग. सासू सुखीबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की सुनेची माय आपल्या चुलीपाशी नको. आणि खरं सांगायचं तर रुपीबाईच म्हणाली असती, लेकीच्या दारात मरायले जाऊ काय! म्हणजे खोली गेली की म्हातारी रस्त्यावर. एवढं सरळ होतं ते.

म्हणून फंड. पेठेत कापसाची गाडी विकली की आडते धर्मादाय म्हणून काहीतरी कापून घेत, आणि त्यातून निराधार बायांना खोलीचं भाडं देत. पैसा गाडीवाल्याचा, पुण्य मेंबरांचं.

बाजाराच्या दिवशी दोघी गेल्या. पाचही जण तक्क्याला टेकून पान चघळत होते. अध्यक्षांनी रुपीबाईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बाई, तुमच्या अंगावर जेवढं हाये, तेवढं आमच्या मंडळीच्या अंगावर नाई. हे मोडा अन् भाडं भरा!"

"हे मोडता येत नाई, मालक," रुपीबाई म्हणाली. "माहा धनी जित्ता हाये."

"जित्ता हाये? मंग त्यालेच सांगा ना भाडं भरायले!"

असे हसले, असे हसले, की एकाला ठसका लागला. अर्ज नामंजूर. रुपीबाई हात जोडून उभीच राहिली. तिला वाटलं, पंच अजून काही विचारतील. तांड्यावर पंच विचारतात, दिवस दिवस विचारतात, मग न्याय देतात. इथं पुढच्या बाईला हाक मारली.

फंडाचे चिटणीस देवराव मागोमाग बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, बिजलीनं त्याचं ऐकलं नसतं. ते हळूच म्हणाले, "बिजलीबाई, फंड विधवांचा हाये. तुहा बाप इतक्या सालांत आला नाई, तं आता काय येते? पुढच्या बैठकीत पुन्हा आण मायले. बाप वारला म्हणून सांग. पण ते डोक्यातलं उतरवून आण वं बाई. ते वाजून राह्यलं तं कोण मानन?"

बिजलीला राग यायला हवा होता. तिला हायसं वाटलं. पुढं जन्मभर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला, ते या हायसं वाटण्याबद्दल.

त्या बैठकीच्या दिवशी सकाळीच ती खोलीवर आली आणि आईसमोर फतकल मारून बसली. "याडी, कचेरीपुरतं उतरव. घरी आली की मी माह्या हातानं पुन्हा गुंफून देईन. कोणाले कळते?"

"ते काय पागोटं हाये, दारात काढलं अन् निंगताना घातलं?" रुपीबाई म्हणाली. "एकदा उतरली की तुहा बाप मेला."

"अन् नाई उतरली तं तू मरशीन! पावसात, कोणाच्या ओट्यावर. मंग मी कोणाले तोंड दाखवू? बापू तं तुले टाकून गेला. त्याच्यासाठी तू कायले मरून राह्यली?"

बोलून गेली आणि जीभ चावली. सात जन्मांच्या वैऱ्यानंही तोंडावर म्हटलं नव्हतं ते पोटच्या पोरीनं म्हटलं. रुपीबाई वळली, पाठ लेकीकडं केली आणि मान खाली घातली. काढ म्हणून तोंडानं म्हणाली नाही.

बिजलीनं गाठी सोडल्या. वर्षानुवर्षांच्या गाठी, केस त्यांच्यात जटेसारखे अडकलेले. काही ओढून तोडावे लागले. घुगऱ्या निघाल्या, दंडावरचा चुडा निघाला, तिथली कातडी पांढरीफटक दिसत होती. बिजलीनं सगळं फडक्यात बांधलं आणि मडक्यामागं ठेवलं. मनात हिशेब एकच, पोळा जवळ आला.

कचेरीत या खेपेला कोणी हसलं नाही. ओकंबोकं डोकं पाहून अध्यक्ष पान थुंकून आले, आवाजही मऊ केला. बिजलीनं सांगितलं, बाप वारला. देवराव म्हणाले, खरं आहे, मला माहीत आहे. पण एका मेंबरला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे. तो म्हणाला, बाईच्या तोंडून येऊ द्या.

"काय वं बाई, नवरा वारला न तुहा?"

रुपीबाईनं मान वर केली. "हो मालक. मेला."

"केव्हा?"

म्हातारीनं लेकीकडं पाहिलं. रागानं नव्हे, नुसतं पाहिलं. "आज सकाळी," ती म्हणाली.

देवरावांनीच सावरून घेतलं, "दुःखानं डोक्यावर परिणाम झाला हाये जी तिच्या, काही बी बोलते." सगळ्यांनी च्च् च्च् केलं. भाडं मंजूर झालं, दर महिन्याला थेट तुळसाबाईच्या हातात.

बाहेर येताच बिजली म्हणाली, "चाल याडी, झालं काम. आता घालून देतो." पण बाजाराचा दिवस तो! पेठेच्या तोंडाशीच रुपीबाईच्या तांड्याचे नायक प्रेमसिंग बैलजोडी घेऊन उभे. त्यांनी रुपीबाईचं डोकं पाहिलं आणि हातातला कासरा खाली पडला. धनसिंग त्यांचा बाळपणीचा सोबती. भर बाजारात त्यांनी गळा काढला. आता सांगा, त्या रडणाऱ्या माणसाला बिजली काय म्हणणार? की नाही हो नायक, हे आपलं कचेरीपुरतं? शेजारी बैठकीतून उठून आलेला फंडातला एक मेंबर भाव करत उभा होता. बिजलीनं पदर डोळ्याला लावला आणि तीही रडली. ते रडू खोटं नव्हतं, हीच तर गंमत.

मग काय, खोटं एकदा घरात शिरलं की त्यालाही जेवू घालावं लागतं. तांडा सुतकात बसला. हरिसिंगनं बकरी विकून सासऱ्याच्या दिवसांचं जेवण घातलं. मडक्यामागचं फडकं बिजलीनं एकदा काढून आईपुढं धरलं, तर ती म्हणाली, "मेलेल्याले दोनदा मारू नको." पुन्हा तो विषय निघाला नाही. खोली राहिली, पोळा गेला, पाऊसही गेला. रुपीबाई कोरड्या जागी निजत होती आणि बिजली स्वतःला समजावत होती की याचसाठी तर केलं सगळं.

पुढच्या वैशाखात बिजलीच्या लेकीचं, जयाचं लग्न निघालं. रुपीबाई एसटीनं आली. जयासाठी तिनं कुठून कुठून कवड्या गोळा करून कांचळी शिवून आणली होती, डोळ्यांनी नीट दिसत नसताना. नात दिसताच म्हातारीचा चेहरा असा फुलला की बिजलीला कित्येक महिन्यांत प्रथमच बरं वाटलं.

पाठवणीची वेळ आली. नवरीच्या केसांत पहिल्यांदा घुगरी गुंफायची. सवाष्णी गोल करून बसल्या आणि जया म्हणाली, "नानी गुंफन. मले नानीच्याच हाताची पायजे."

सुखीबाईनं सुनेला कोपऱ्यात ओढलं. "तुह्या मायले लांब बसव. माह्या नातीच्या डोक्याले रांडमुंड बाईचा हात नाई लागला पायजे. तू सांगतं का मी सांगू?"

बिजलीच्या तोंडाशी आलं होतं. माह्या बापाले मेलेलं कोणी पाह्यलं? माही माय रांडमुंड नाई! एवढं म्हटलं असतं की झालं असतं. पण मांडवात नायक बसले होते, तांडा बसला होता, फंडातला दारव्ह्याचा एक आडत्याही जेवायला आला होता. म्हटलं असतं तर जेवण खोटं, सुतक खोटं, आणि महिन्याच्या आत तुळसाबाईच्या दारात दुसरं बिऱ्हाड. शब्द तिनं गिळले. सुखीबाईच्या तोंडून आईनं ऐकावं हेही नको, म्हणून स्वतःच गेली.

रुपीबाई हात धुऊन, पुसून, तयार बसली होती.

"याडी," बिजली म्हणाली, "तू... जरा मांडवाच्या भाईर बस."

म्हातारीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिनं बिजलीच्या कानांजवळ वाजणाऱ्या घुगऱ्यांकडं पाहिलं, ते पुसलेले हात फेटियाला पुन्हा पुसले आणि उठली. मांडवाबाहेर थांबली नाही. सरळ रस्त्याला लागली. मागून जयानं ढावलो धरला होता, घर सोडणाऱ्या लेकीचं रडगाणं, आणि त्यात ती नानी, नानी म्हणून हाका मारत होती.

बिजली धावत गेली, आईचा हात धरला. "याडी, अशी उपाशी नको जाऊ वं! उन्हाची कुठं चालली तू?"

रुपीबाईनं हात सोडवून घेतला, हलकेच, जशी लहान पोराची मूठ सोडवावी.

"घरी," ती म्हणाली. "मले खोली हाये ना. तूच तं करून देल्ली."