उसनी गोलकीपर

मैत्रीपूर्ण सामना या शब्दांवर आता माझा फारसा विश्वास उरलेला नाही. आमच्या नातीचा राष्ट्रीय संघ मोठ्या स्पर्धेआधी असे तीन सामने खेळला आणि तिन्हींत मला मैत्री दिसली ती फक्त नाणेफेकीपर्यंत. त्यानंतर कोपरं, घोटे आणि एकमेकींच्या वेण्या. अर्थात माझं पाहणं चुकीचं असेल. मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली. तिथे कोणाला कोपर लागलं तर लोक कुजबुजत माफी मागायचे.

नात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे. उंच इतकी की शाळेत तिचं नाव शिडी पडलं आणि मग घरी, संघातही तेच चालू झालं. संघात गोलकीपर तिघी. एक पहिली, एक दुसरी आणि मग आमची शिडी. कोचने सांगून टाकलं होतं की स्पर्धेला दोघींनाच नेणार, तिसरीच्या जागी गोल मारणारी एक मुलगी जास्त घेणार. म्हणजे या तीन सामन्यांत शिडीने काहीतरी करून दाखवायला हवं होतं. करून दाखवायला आधी मैदानात उतरावं लागतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

पहिला सामना परगावी होता. तो आम्ही स्वयंपाकघरात, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून पाहिला. शिडी सगळा वेळ बाकावर. दोनदाच उठली. एकदा पाण्याच्या बाटल्या द्यायला आणि एकदा कोचचं पडलेलं जाकीट उचलायला.

"बाटली काय सुरेख दिली," बायको म्हणाली. "थेट हातात. थेंब सांडला नाही."

"आई, टोमणे नको मारूस," मुलगा म्हणाला.

"टोमणा कसला त्यात? जे दाखवतील त्याचंच कौतुक करणार ना मी."

दुसऱ्या सामन्याला घरची वीज गेली, म्हणून मी मुलाच्या कामावर गेलो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. एका उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मोटरची खोली होती, तिथे ग्रीसच्या वासात आम्ही दोघं उलट्या ठेवलेल्या डब्यांवर बसलो. खाली दोन मजल्यांच्या मध्ये एक वकील अडकले होते आणि दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या फोनवरून विचारत होते, "झालं का?"

"बघतोय साहेब, बघतोय," मुलगा म्हणायचा. ते खरंच होतं. तो बघतच होता.

"अरे, त्यांना आधी काढ की," मी म्हणालो.

"आत दिवा आहे, पंखा आहे, बसायला स्टूल आहे. बाबा, त्यांचं आपल्यापेक्षा बरं चाललंय. मध्यंतर होऊ दे."

मध्यंतरात वकील सुटले. उत्तरार्धात कोचने पहिलीला काढून दुसरीला उतरवलं. शिडी गोलामागे उड्या मारून अंग गरम करत राहिली आणि सामना संपल्यावर ते गरम अंग घेऊन बसमध्ये बसली.

तिसरा सामना आमच्याच शहरात होता, आणि शेवटचा. त्यानंतर लगेच दोघींची नावं जाहीर व्हायची होती. मुलाने रजा टाकली. सुनेला दवाखान्यातून सुट्टी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी ती आली नसती. लेकीचा सामना तिला बघवत नाही, ती नंतर फोन करून निकाल तेवढा विचारते. बायकोने डबाभर उकडलेली अंडी घेतली आणि आम्ही आमच्या संघाच्या बाकामागे, कुंपणाला लागून बसलो.

आधी फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांचं भाषण झालं. ते इतकं लांबलं की रांगेत उभ्या मुली एका पायावरून दुसऱ्या पायावर झाल्या आणि बायकोचं पहिलं अंडं संपलं. मग खेळ सुरू झाला आणि मध्यंतराआधी आमच्या कर्णधार मुलीने एक गोल मारला. शिडी बाकावर. तिने टाळ्या वाजवल्या, मग बाटल्या भरल्या.

"आज तर जाकीटही पडेना कोणाचं," बायको म्हणाली.

उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच पाहुण्यांची गोलकीपर स्वतःच्याच बचावपटूवर आदळली आणि तिचं बोट भलत्या दिशेला वळलं. त्यांची दुसरी गोलकीपर तापाने हॉटेलात पडली होती. खेळ थांबला. त्यांचा कोच दोन्ही पंजे पसरून उभा राहिला. मोकळा वेळ दिसताच अध्यक्ष माइककडे सरकले. आता पुन्हा भाषण होणार हे आमच्या कोचने ओळखलं असावं, किंवा पाहुण्यांसमोर मन मोठं दाखवायची लहर आली असावी. तो चटकन पुढे झाला आणि म्हणाला, "आमची एक घ्या."

रेफ्रीने दोन्ही कोचना विचारलं आणि मान हलवली. सरावाचा सामना आहे, दोघांना चालत असेल तर चालेल. मी नियमांचं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं आहे, त्यात असं काही असल्याचं मला आठवेना. पण मला ऑफसाइडही पुस्तकातच कळतो, मैदानात झालेला कधी दिसत नाही, त्यामुळे मी गप्प राहिलो.

घरातली चांगली छत्री कोणी उसनी देत नाही. पहिली गोलात उभी होती, दुसरीला थोड्या वेळाने उतरवायचं होतं. उरली शिडी.

पाहुण्यांची पिवळी जर्सी तिला कोपरापर्यंतच आली. बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने ती आमच्यासमोर कुंपणाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, काय करू?"

"म्हणजे?"

"अडवू की सोडू? अडवलं तर आमच्याच मुली चिडणार, सर चिडणार. सोडलं तर सर म्हणणार, हिला येतच नाही."

"हे बघ," मी म्हणालो, "याला दोन बाजू आहेत."

"आजोबा, रेफ्री बोलावतोय."

"एका बाजूने पाहिलं तर, तू ज्या संघाची जर्सी—"

"अगं, गोलात उभी राहणार ना?" बायको अंडं सोलता सोलता म्हणाली. "मग अडव. यांच्या दोन बाजू सांगून होईपर्यंत सामना संपेल."

शिडी गेली.

पुढे जे झालं त्याला मी तयार नव्हतो, आणि आमचा कोच तर मुळीच नव्हता. कर्णधाराने डाव्या कोपऱ्यात चेंडू मारला. शिडी तिथे आधीच पोचली होती. उजवीकडून एकीने वळवून मारला, तिथेही शिडी. आणखी एकीने मारण्यासाठी पाय उचलला आणि शिडीने तेवढ्यात दोन पावलं पुढे येऊन चेंडू तिच्या पायातूनच उचलून घेतला, दुकानातून पिशवी उचलावी तसा.

मला उशिराने उलगडा झाला. पहिलीला दमवायचं नाही, दुसरीला जपायचं, म्हणून संपूर्ण शिबिरात गोल मारायच्या सरावाला कोच रोज आमच्या शिडीलाच उभं करायचा. सगळ्या मुलींनी सगळे फटके तिच्यावरच मारलेले. कोण कुठे मारणार हे जगात एकाच माणसाला पाठ होतं, आणि तेच माणूस कोचने समोरच्यांना उसनं दिलं होतं.

आम्ही टाळ्या वाजवत होतो. आजूबाजूचे लोक आमच्याकडे असे बघू लागले की मी निम्म्या टाळ्या गुडघ्याखाली वाजवल्या. मागे पिपाणी घेऊन आलेले एक जाडगेले गृहस्थ वैतागून म्हणाले, "ही परदेशी पोरगी खाते तरी काय?"

बायकोने मागे वळून डबा पुढे केला. "उकडलेली अंडी. घेता?"

त्यांनी एक घेतलं आणि बराच वेळ पिपाणी वाजली नाही.

लाउडस्पीकरवाल्याला तिचं नाव कोणी कळवलं नव्हतं. तो दरवेळी म्हणत होता, "पाहुण्यांच्या गोलकीपरने पुन्हा एकदा निराशा केली आहे." मुलगा खाली मान घालून बसला होता. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते लाजेने नव्हते एवढं मला कळतं.

मग शिडीने एक चेंडू पकडला आणि सवयीने, जीव खाऊन, थेट मैदानाच्या मध्यापलीकडे फेकला. पाहुण्यांची एक चिमुरडी तिथे एकटीच उभी होती. ती पळत सुटली आणि तिने गोल मारला. एक-एक. कोचने टोपी काढून जमिनीवर आपटली.

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई, हे तू सांगितलंस तिला."

"मी अडव म्हणाले होते. वाढप कर कुठे म्हणाले होते?"

अगदी शेवटी कर्णधार एकटी चेंडू घेऊन आत घुसली. मध्ये कोणी नव्हतं. मला वाटलं आता शिडी सोडेल, आणि मला हेही वाटलं की तिने सोडावं. हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. शिडीने पाय लांब केला, चेंडू तिच्या नडगीला लागून बाहेर गेला आणि शिट्टी वाजली.

सामन्यानंतर आम्ही बसपाशी जाऊन उभे राहिलो. मुली ओल्या केसांनी येऊन उभ्या होत्या. शिडीने स्वतःची जर्सी पुन्हा घातली होती, पण तिच्या शेजारी कोणी उभं राहत नव्हतं.

"तू कोणाच्या बाजूने खेळत होतीस?" कोचने विचारलं.

"तुम्हीच दिलंत मला, सर."

"दिलं म्हणून इतकं? ते सगळं तुला कळत कसं होतं?"

शिडीने कर्णधाराकडे पाहिलं, मग बुटांकडे. "ती डावीकडे मारणार असली की आधी उजवीकडे बघते. दर वेळी. ही मारायच्या आधी जीभ चावते. आणि ती मोजे वर ओढते, मग सरळच मारते."

"मी नाही जीभ चावत," जीभ चावणारी म्हणाली.

"चावतेस," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

कोच एकेकीकडे बघत गेला. मग म्हणाला, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. तुम्ही पाणी मागायचात."

आता संपलं, असं मी मनात म्हणालो. मुलाने माझा दंड धरला. कोच बसच्या पायरीवर बसला, टोपीवरची माती झटकत. तिथेच बसून त्याने सगळी नावं वाचली आणि गोलकीपरपाशी आल्यावर थांबला. "पहिली," तो म्हणाला. "आणि शिडी. उद्यापासून तू प्रत्येकीला तिची खोड सांगायची. स्पर्धेत समोरच्यांना कळायच्या आत त्या मोडल्या पाहिजेत."

दुसरी गोलकीपर रडायला लागली. मोठ्याने नाही. मला आनंद झाला होता, पण तिच्यासमोर तो कुठे ठेवावा हे कळेना. मी चष्मा पुसायला घेतला. बायको जाऊन तिच्याजवळ उभी राहिली आणि डबा उघडून धरला. त्या मुलीने रडत रडत एक अंडं घेतलं.

"नक्की ना, सर?" मुलाने कोचला विचारलं.

"मागे ठेवली तर दुसरं कोणीतरी मागून नेईल," कोच म्हणाला. "आज बघितलंत ना."

मुली बसमध्ये चढल्या. शिडी सगळ्यांच्या शेवटी. आम्हाला खिडक्यांतून दिसत होतं. एकच जागा रिकामी होती, कर्णधाराच्या शेजारची, आणि तिच्यावर कर्णधाराने स्वतःची बॅग ठेवली होती. शिडी तिथे जाऊन उभी राहिली. कर्णधार खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे आमच्याकडेच, त्यामुळे मी नजर वळवली आणि मग पुन्हा पाहिलं. ड्रायव्हरने बस सुरू केली. शिडी छताची दांडी धरून उभीच. मग कर्णधाराने तिच्याकडे न बघता बॅग उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे जराशी सरकली. शिडी बसली.

"मिटलं," बायको म्हणाली.

"कुठे मिटलं? बोलत नाहीयेत अजून," मी म्हणालो.

"प्रवासात आपण तरी कुठे बोलतो?"