पिवळी म्हैस

सुहासने धुक्यावर अख्खं वर्ष घालवलं होतं. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो आणि तेजल मिळून एक छोटी ॲनिमेशन फिल्म करत होते. गोष्ट तेजलची, चित्रं सुहासची. गोष्ट तशी साधीच, पाण्याला भिणाऱ्या म्हशीची. पण सुहासच्या हाती पडली आणि तिच्यात धुकं शिरलं. पवना धरणाच्या पाण्यावर धुकं कसं उतरतं, उन्हाची तिरीप लागली की कसं फाटतं, म्हशीच्या काळ्या कातडीवर त्याचे थेंब कसे बसतात, यात गडी असा काही रमला की धुक्याला जागा करायला गोष्टीतले तुकडे एकामागून एक कापत सुटला. तेजल भांडली, रुसली, बोलायची बंद झाली आणि शेवटी म्हणाली, तू आणि तुझं धुकं, काय घालायचा तो गोंधळ घाला.

फिल्म आठवड्याभरात मुलांच्या एका महोत्सवाला पाठवायची होती. तिथे निवडली गेली तर पुढचं काम मिळणार होतं. नाही निवडली, तर मुकाट्याने देहूरोडला घरी परत येईन आणि लष्करी डेपोतल्या कारकुनीच्या परीक्षेला बसेन, असा शब्द सुहासने वडिलांना दिला होता. वडिलांनी उत्साहाने पुस्तकंही आणून ठेवली होती.

अशात करणचं लग्न निघालं. करण खालच्या दुकानात चिक्की लाटायचा आणि फिल्ममधल्या म्हशीला आवाज त्याचाच होता. आपल्या हळदीला आपली फिल्म दाखवायचीच, असा हट्ट त्याने धरला. कामशेतचा डीजेवाला लखन मोठी स्क्रीन घेऊन येणारच होता. सुहास हरखून गेला, कारण एवढ्या मोठ्या पडद्यावर आपलं धुकं त्याने स्वतःसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

करणची वाडी डोंगराच्या पोटाशी. हळद भर दुपारी लागली. गाणी झाली, करणला न्हाऊ घातलं आणि त्याच्या अंगाला लावून उरलेली उष्टी हळद वाडग्यात काढून त्याच्या आत्याने, सावित्राबाईंनी, मांडीवर घेतली. ही हळद नवरीच्या गावी न्यायची आणि मग ती नवरीला लावायची, ही रीत. टेम्पो तयारच होता. निघण्याआधी तेवढी फिल्म बघून घेऊ, असं ठरलं.

फिल्म लागली, काठावर उभी म्हैस दिसली आणि धुकं आलं. मांडवातून "आगागागा" असा आवाज उठला आणि सुहासचं काळीज सुपाएवढं झालं. पण धुकं काही संपेना. बायका पुन्हा लसूण सोलायला लागल्या. करणचे आजोबा बहिरूआबा उठले, गोठ्यातल्या खऱ्या म्हशीला पाणी दाखवून आले, तरी पडद्यावर धुकंच. शेवटी एकदाचं ते फाटलं, पाण्यात म्हैस दिसली, तिच्या पाठीवर बगळा दिसला आणि फिल्म संपली. लोकांनी भल्या मनाने टाळ्या वाजवल्या. लखनने चित्र लय क्लिअर दिसलं म्हणून स्वतःच्या स्क्रीनचीच तारीफ केली. सुहासच्या डोळ्यांसमोर मात्र वडिलांनी आणलेली पुस्तकं यायला लागली.

तेवढ्यात सावित्राबाईंनी तेजलला विचारलं, "पोरी, ती म्हस मगाधरनं काठालाच का उभी व्हती?"

"ती पाण्याला भ्यायची, मावशी."

"म्हस? आन् पाण्याला?"

लसूण सोलणारे हात थांबले. मग तेजलला कुठलं राहवतंय! डीजेचे डबे आत जाईनात म्हणून घराचं दार बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवलं होतं, निळ्या ऑइलपेंटचं. परातीला चिकटलेली हळद बोटावर घेऊन तिने त्या दारावर म्हैस काढली. म्हैस कसली, एक बटाटा, चार काड्या आणि दोन शिंगं. सुहासला बघवेना. पण तेजल सांगत सुटली. ही म्हैस लहानपणी डबक्यात घसरली होती, तेव्हापासून तिने पाण्याचा धसका घेतला. बाकीच्या म्हशी डुंबायच्या आणि ही काठावर उभी राहून सांगायची, मला जरा सर्दी आहे. तिला दोस्त एकच, पाठीवर बसणारा बगळा. एक दिवस त्याच्या पंखाला लागलं, तो पाण्यातल्या एका खोडावर अडकला आणि धरणाचं पाणी चढायला लागलं.

हे सगळं सुहासने कापलं होतं. सर्दीसुद्धा.

इथे परातीतली हळद संपली आणि पाणी तर काढायचं राहिलं होतं. तेजल इकडेतिकडे बघते तोच सावित्राबाईंनी मांडीवरचं वाडगं तिच्यापुढे सरकवलं आणि काढ, पाणी काढ, म्हणाल्या. दारावर पाणी चढलं. खोडावरून बगळा ओरडला, अगं ये, हे पाणी नाहीच, चिखल आहे. म्हशीने एक पाय घातला आणि विचारलं, इतका पातळ? पातळच चिखल आहे, बगळा म्हणाला. म्हशीने डोळे मिटले. चिखल गुडघ्याला लागला, पोटाला लागला, आणि मांडवातली माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. पोरांनी तर पातळ चिखल, पातळ चिखल करत नाचच सुरू केला.

म्हैस बरोबर मध्यावर असताना सावित्राबाईंचा फोन वाजला. नवरीकडचे विचारत होते, हळद निघाली का? सावित्राबाईंनी वाडग्यात पाहिलं. त्यात बोटाला लागायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

मग जो काही गलका झाला! कुणी म्हणालं, नवी हळद कालवून करणला पुन्हा लावा. सावित्राबाई म्हणाल्या, न्हालेल्या नवऱ्याला दुसऱ्यांदा हळद लावायची तर बायकोही दुसरी बघावी लागेल. हे ऐकून करण आत जाऊन बसला. अखेर बहिरूआबा दारापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "हळद कुटं गेली न्हाई. तिची म्हस झालीया, येवढंच."

झालं, दार टेम्पोत चढलं. गोष्ट अर्धी राहिली होती, त्यामुळे अर्धी वाडीही चढली. करण तेवढा घरी राहिला, दार नसलेल्या घराची राखण करत. आणि ज्याला ती म्हैस बघवत नव्हती, तो सुहास तिचं शिंग वाऱ्याने झडू नये म्हणून वाटभर दारापुढे हात पसरून उभा होता. बाया तेजलला मध्येच विचारायच्या, बुडती का गं? इंजिनाच्या आवाजावर ओरडून तेजल सांगायची, तिथं गेल्यावर सांगते. गाव येईपर्यंत तिचा घसा पार बसला.

नवरीच्या, करिष्माच्या मांडवात सगळे वाडग्याची वाट बघत होते आणि उतरलं दार. नवरीची आई मंगलबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. आम्ही हळद मागितली होती, दाराला काय करू, असं त्यांनी विचारलं. सावित्राबाईंनी झाला प्रकार सांगितला. तेव्हा मंगलबाई म्हणाल्या, असलं काहीबाही पोरीच्या अंगाला लावायचं तर आधी ते काय आहे ते कळू द्या. तेजलने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. तिने सुहासला पुढे ढकललं.

सुहासने घसा खाकरला. डोंगरावर सकाळचं धुकं पसरलेलं असतं, अशी त्याने सुरुवात केली.

"धुकं आमी रोज बघतो, दादा," पाटावरून करिष्मा म्हणाली. "तुमी म्हशीचं सांगा."

सुहासला ते चांगलंच लागलं. पण समोर नवरी बसली होती, दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी कान टवकारून होती, मग करतो काय? त्याने म्हशीचं सांगायला घेतलं. प्रत्येक तुकडा त्याने स्वतःच्या हाताने कापला होता, त्यामुळे कुठला कुठे बसतो हे त्याला नेमकं ठाऊक होतं. डबकं आलं, सर्दी आली, बगळा अडकला. सर्दीला मांडव असा हसला की सुहासला चेवच चढला. तो गुडघ्यांवर बसून म्हैस झाला, हात पसरून बगळा झाला. इकडे मंगलबाईंनी हळूच खूण केली आणि सवाष्णी दारावरची हळद बोटांनी खरवडून करिष्माला लावू लागल्या. खोड कपाळाला गेलं, लाटा हातांना लागल्या.

"मध्यावर आल्यावर म्हशीने एक डोळा उघडला," सुहास म्हणाला. "आणि विचारलं, खरं सांग, हे पाणीच ना?"

मंगलबाईंचा हळदीचा हात करिष्माच्या गालाशी तसाच थांबला.

"व्हय, पाणीच हाय," बगळ्याच्या आवाजात सुहास म्हणाला. "आन् तू पवतीयास."

मग काय विचारता! करिष्मा पाटावरून ताडकन उठली, सावित्राबाईंनी मंगलबाईंना मिठी मारली आणि मंगलबाईंनी हळदीच्याच हाताने डोळे पुसले. म्हैस कशी पोहली ते दाखवायला सुहास ऐटीत दाराकडे वळला. दार कोरं निळं होतं. म्हैस, बगळा, पाणी, सगळं नवरीच्या अंगावर गेलं होतं, आणि दाराकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. त्याला आधी वाईट वाटलं. मग इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. परीक्षेची पुस्तकं आता वडिलांनीच वाचावीत, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"कापलेलं सगळं परत घालू," तो तेजलला म्हणाला. "धुकं काढून टाकू."

"थोडं ठेव," ती बसक्या आवाजात म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं.

दार परत टेम्पोत चढवायला दोघांनी उचललं तेव्हा मांडवाच्या दाराशी एक म्हातारी उशिरा आलेल्या पाव्हण्यांना काहीतरी सांगत होती.

"तर आसं झालं, येक व्हती पिवळी म्हस."

पिवळी! तिचा काळा रंग जमवायला सुहासने किती रात्री जागवल्या होत्या, त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने सांगायला तोंड उघडलंही होतं. पण मग त्याने दाराचं आपलं टोक हळूच खाली टेकवलं, म्हातारीसमोर मांडी घातली आणि विचारलं,

"मग मावशी, गेली का ती पाण्यात?"