वारं पडलं

बादशाहभाईंना वाऱ्यातलं कळतं, असं सारं पळसदेव गाव म्हणायचं. उजनी धरणाच्या पाण्यात होडी घालायची की नाही, हे मच्छीमार त्यांना विचारून ठरवत. कौतुकाची एकदा चटक लागली की माणूस सातासमुद्रापलीकडच्या वाऱ्यालाही अक्कल शिकवायला जातो. बादशाहभाई तसेच गेले.

त्यांचा मुलगा मुन्ना कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटावर घड्याळांच्या दुकानात नोकरीला होता. २०१७च्या सप्टेंबरात इर्मा नावाच्या चक्रीवादळानं तिथली कितीतरी बेटं उद्ध्वस्त केली. वादळ चालू असतानाच मुन्नाचा फोन आला. तिकडं सकाळ, इकडं दिवस कलता. बादशाहभाई पाण्याकाठी एकटेच होते.

"अब्बा, दुकानाचे पत्रे उडाले. पण आता एकदम गपगार झालंय. ऊन पडलंय."

"वारं पडलं न्हवं? मग झालं वादळ. आत काय बसलायस? पत्रं गोळा कर, न्हायतर लोक उचलून न्हेतील."

आमच्याकडं वळवाचं वादळ असंच असतं. वारं पडलं की संपलं. जो आधी बाहेर पडतो त्यालाच आपले पत्रे सापडतात. पण तिकडं ती शांतता म्हणजे वादळाचा डोळा होता, अर्धं वादळ अजून यायचं होतं. तासाभरात वारं उलट्या बाजूनं परत आलं. मुन्नाचा मृतदेह उघड्यावर सापडला, पत्र्याखाली.

सांत्वनाला आलेल्या बायकांपुढं सून समिना ऊर बडवत म्हणाली, "मीच फोन करा, फोन करा म्हणून मेसेज टाकलं. रेंज बघायला भाईर पडलं असतील." बादशाहभाईंनी हे दारातून ऐकलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. उद्या सांगू म्हणाले, चाळिसावा झाला की सांगू म्हणाले. खाई त्याला खवखवे खरं, पण खवखव गिळायचीही सवय होते. समिनानं मात्र त्या दिवसापासून कुणाला मेसेज केला नाही.

यंदा मे महिन्यात वळवानं गोठ्याचे पत्रे उडवले. वारं थांबलं तशी समिना ओढणी खोचून बाहेर निघाली. बादशाहभाई दारात आडवे आले.

"जाऊ नगंस! वारं परत येतंय."

"अब्बा, वारं पडलंय. ऊन पडलंय, बघा की."

बादशाहभाई उंबऱ्यावर बसले. "असंच मुन्ना म्हणला हुता. त्याचा फोन आलता मला. मीच म्हणलं, पत्रं गोळा कर. तुज्या मेसेजनं न्हाय गं पोरी, माज्यामुळं गेला त्यो."



"आठ वर्सं, अब्बा. रोज तुमाला भाकरी वाढली म्या. एक दिस तरी सांगायचं."

ती त्यांना ओलांडून अंगणात गेली आणि एकटीच पत्रे गोळा करू लागली. पत्रा जड होता, दोघांनी उचलायचा. बादशाहभाईंना उठायचा धीर झाला नाही.