नवं इंजिन, पहिली फेरी

माणसानं हट्टी असावं, पण त्यालाही काही सुमार? धक्क्यावर सगळे या होडीवाल्याला खटपट्या म्हणत, आणि ते काही उगीच नव्हतं. होडीचं जुनं इंजिन त्यानं इतक्या वेळा उघडून पुन्हा जोडलं होतं, की त्या इंजिनाचा एकही स्क्रू मूळ जागी राहिला नसावा. काम तसं साधं. या काठाची माणसं त्या काठाला सोडायची, किराणा पोचवायचा, गॅसच्या टाक्या न्यायच्या. एके दिवशी भर पाण्यात जुन्या इंजिनानं मान टाकली ती टाकलीच, आणि हा बाबा वल्हं मारत अंधार पडायच्या बेताला घरी आला. त्याच रात्री बायकोनं ठणकावलं, "आता नवं घ्या. मला खिडकीत बसून जिवाला घोर लावून घ्यायची हौस नाही."

तर नवं इंजिन आलं. मेकॅनिकनं ते होडीच्या मागच्या फळीला बोल्ट लावून बसवलं आणि नव्या नवरीची सासरी करून द्यावी तशी त्याची ओळख करून दिली. "काका, नवं इंजिन आधी रुळवावं लागतं. पहिले काही तास फुल स्पीड द्यायचा नाही, आणि एकाच स्पीडवर दामटायचंही नाही. कमी-जास्त, कमी-जास्त करत राहा. मागून पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर लक्ष ठेवा. धार थांबली की इंजिन तापलंच. ही लाल दोरी मनगटात घाला. तुम्ही पडलात तर दोरी निसटते आणि इंजिन आपोआप बंद होतं. आणि हा बघा, सुकाणूच्या दांड्यावरचा हा स्क्रू मी आवळून ठेवलाय. दांडा सोडला तरी स्पीड आहे तेवढाच राहतो, म्हणजे हात भरून येत नाही."

खटपट्यानं धारेचं तेवढं मनात ठेवलं. लाल दोरी बघून त्याला हसूच आलं. "मला काय दावणीला बांधतोस काय रे?" म्हणत त्यानं ती दांड्यालाच गुंडाळून टाकली. आणि स्क्रूचं एका कानानं ऐकलं, दुसऱ्या कानानं सोडून दिलं. एवढी वर्षं इंजिन हाकलेल्या माणसाला स्क्रूचं काय शिकवायचं!

"पुढं जरा वजन असू द्या," मेकॅनिक जाता जाता म्हणाला. "रिकामी होडी नाक वर करते."

खटपट्यानं धक्क्यावरूनच घराकडं हाक मारली, "अगं, येतेस का जरा?"

बायको हात पुसत आली. कशाला बोलावलंय ते कळल्यावर तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे वजन म्हणून नेताय मला?"

"घरात दुसरं एवढं वजनदार कुणी आहे का?"

"बोला, बोला. रात्री जेवायला मागाल तेव्हा बघते." असं म्हणत ती चढली, आणि पुढच्या फळीवर दोन्ही काठ घट्ट धरून बसली. तिला पाण्याची भीती होती. एवढी वर्षं होडीवाल्याशी संसार करून ती होडीत बसली असेल ती मोजून चार वेळा, तीही कुणाच्या लग्नाला नाहीतर मयतीला. लाइफ जॅकेटं घरी खुंटीला होती. ती प्रवाशांसाठी असतात, घरच्या माणसांना कशाला, असा याचा हिशेब.

पहिला अर्धा तास मात्र झकास गेला. इंजिन असं चालत होतं की बोलणं ऐकू यावं. खटपट्या दांडा पिळायचा, होडी वेग घ्यायची. सैल करायचा, होडी हळू व्हायची. कुठं जायचं नव्हतं, कुणाला सोडायचं नव्हतं. असं नुसतंच हिंडणं त्या दोघांनी जन्मात केलं नव्हतं. बायकोची काठावरची पकड सैल झाली. एकदा तर वळून म्हणाली, "बरं वाटतंय हो." त्यालाही फार बरं वाटलं, पण तसं बोलून दाखवेल तर तो खटपट्या कसला! "पुढं बघ," एवढंच म्हणाला.

मग त्याला वाटलं, धार दिसत नाही.

जुन्या इंजिनाची एक खोड होती. दांड्यावरचा हात काढला की ते लगेच मंदावायचं, दोन आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. त्यामुळं काही बघायचं, उचलायचं, बांधायचं झालं की हा दांडा सोडून सरळ उभा राहायचा. विचार करून नव्हे, त्याचं अंगच तसं वळलेलं होतं. तसाच तो आत्ता उठला. होडी चांगल्या वेगात होती. त्यानं दांडा सोडला, मागच्या फळीवरून वाकला, आणि धार दिसलीसुद्धा. छान, सरळ पडत होती.

इंजिन मंदावलं नाही. दांडा एका बाजूला फेकला गेला, होडी गर्रकन वळली, आणि याच्या पायाखालून फळीच गेली.

पाण्यात पडल्यावर पहिल्यांदा त्याला रागच आला, खरं सांगायचं तर. स्वतःचा नव्हे, इंजिनाचा. वर येऊन त्यानं तोंडातलं पाणी थुंकलं आणि बघितलं तर होडी लांब गेलेली नव्हती. ती वळत होती. वळत वळत ती सरळ याच्याच अंगावर येत होती, आणि तिच्यात कुणीही दिसत नव्हतं.

ही गेली कुठं? पडली की काय? मग काठावर एक हात दिसला. हिसक्यानं ती आत तळाला आपटली होती आणि धडपडत उठू बघत होती. आहे, होडीतच आहे! तिला पोहता येत नाही, त्यामुळं होडीत असणंच बरं, एवढा विचार त्यानं केला आणि श्वास भरून खाली गेला. डोक्यावरून इंजिनाचा पंखा गेला. पाण्याखाली तो आवाज कानात नव्हे, दातांत ऐकू येतो.

वर आला तेव्हा होडी पुन्हा वळत होती. दांडा तिरका तो तिरकाच, स्पीड तेवढाच. आता कुठं त्याला तो स्क्रू आठवला. "लाल दोरी!" तो जीव खाऊन ओरडला. "अगं, लाल दोरी ओढ!" तिला काय कपाळ ऐकू जाणार? आणि गेलं असतं तरी कुठली दोरी, कशाची दोरी? एवढ्या वर्षांत तिनं कधी मागच्या बाजूला हात लावला, की हा खेकसायचा, "तुला काय कळतंय त्यातलं?" बरोबरच होतं, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, कारण यानंच कधी कळू दिलं नव्हतं.

तो पुन्हा खाली गेला. या खेपेला पायाला कसलातरी झटका बसला. वर येऊन त्यानं आधी हातानं पाय चाचपला. पाय होता. चप्पल गेली होती.

बायको गुडघ्यांवर रांगत मागच्या बाजूला पोचली होती. दांड्याकडं हात न्यावा की नको, तिला कळत नव्हतं. मग तिनं पेट्रोलच्या टाकीतून येणारी रबरी नळी दोन्ही हातांनी धरली आणि उपटून काढली. अरे! खटपट्या थक्कच झाला. रोज संध्याकाळी धक्क्याला लागल्यावर हा हेच करायचा. नळी काढून ठेवायची, इंजिनातलं उरलेलं पेट्रोल जळू द्यायचं, मग इंजिन खोकून बंद पडतं. आतल्या आत पेट्रोल साचून राहत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं ते बघितलं होतं. इंजिन कसं मरतं, एवढं तिला ठाऊक होतं.

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच परत तोंडाशी आला. नळी काढली तरी पोटातलं जळेपर्यंत इंजिन चालणार. जुनं किती वेळ चालायचं ते त्याला पाठ होतं. हे नवं किती चालेल ते देवालाच माहीत. ती इंजिनाकडं बघत बसली होती, आता बंद पडेल, आता पडेल म्हणून. ते पडत नव्हतं. होडी पुन्हा नाक फिरवून आली.

तो खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला. आता हातपाय गळाले होते, छातीत कळ येत होती, आणि त्याला भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी, लाज सोडून. शेवटच्या वेळी श्वास पुरला नाही. तो पाणी प्यायला, घुसमटला, वर कुठं आणि खाली कुठं तेच समजेना. हाताला होडीचं लाकूड लागलं. कसाबसा काठ पकडून त्यानं डोकं वर काढलं, आणि त्याच वेळी इंजिन खोकलं, दोनदा थरथरलं आणि गप्प झालं.

सगळीकडं शांत झालं. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नाही. घशातून नुसती हवा आली.

बायको पलीकडच्या काठाशी होती, याच्याकडं पाठ करून. जिथं तो शेवटचा दिसला, तिथंच ती बघत होती. तिथं पाण्यावर एक चप्पल तरंगत होती.

"अहो," ती म्हणाली. हळू म्हणाली, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं. "अहो, या ना वर." चपलेकडं बघून पुन्हा म्हणाली, "मीच म्हटलं होतं नवं घ्या. मीच मागं लागले होते. आता या ना."

खटपट्यानं काठावर मूठ आपटली. तिला वाटलं असणार, पाणीच आपटतंय. तिनं मागं बघितलंच नाही. ती उठून उभी राहिली, होडी कलंडली, आणि तिनं एक पाय उचलून काठाबाहेर टाकला.

त्याच्या लक्षात यायला क्षणभर लागला. ही उतरतेय. ही पाण्यात उतरतेय! एवढा वेळ तो पंख्याला भ्यायला, घुसमटीला भ्यायला, पण आत्ता जे झालं ते त्या कशासारखंच नव्हतं. मध्ये फक्त होडीची रुंदी होती आणि याच्या घशात आवाज नव्हता. त्यानं मूठ आपटली, कपाळ आपटलं, छातीतलं होतं नव्हतं ते सगळं वर ढकललं. पाणी बाहेर पडलं, आणि पाण्यामागून खोकल्याचा एक भयंकर आवाज आला.

ती वळली.

किंचाळली नाही, रडली नाही. एक पाय आत, एक पाय पाण्यात, अशी ती त्याच्याकडं बघत राहिली.

"पाय आत घे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"आधी तुम्ही वर या."

"आधी पाय आत घे म्हणतो ना!"

"तुम्ही वर या आधी!"

दोघंही हलेनात. होडी एकदा याच्याकडं झुकायची, एकदा तिच्याकडं. त्याला संताप आला, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं, आणि त्यातच तो ओरडला, "अगं, तुला पोहता येत नाही!"

"ते काय मला माहीत नाही?" ती म्हणाली.